बियर कोसोंग

आपल्याकडे 'ड्राय' म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो ड्राय डे. दोन ऑक्टोबर, निवडणुकीचा दिवस वगैरे. त्यामुळे सिंगापुरात आल्यावर एका सहकाऱ्याने 'व्हेरी ड्राय बियर' असे शब्द वापरले, तेव्हा मी भाबडेपणाने विचारलं होतं, "म्हणजे यात दारू नाही का?" तो दहा मिनिटं हसत होता. बियर हा पातळ पदार्थ. तो कोरडा कसा असेल? त्यावर हे लोक त्याच बियरला 'क्रिस्प' पण म्हणतात. क्रिस्प म्हणजे कुरकुरीत. भजी कुरकुरीत, चकली कुरकुरीत. आता बियर कुरकुरीत!

या दोन शब्दांच्या मागे मी गेलं वर्षभर हात धुऊन लागलो आहे. त्याला कारण माझी साखर.

झालं असं की नेहमीच्या तपासणीत रक्तातली साखर सीमेवर निघाली. अजून मधुमेह नाही, पण दारात उभा आहे आणि बेल वाजवायचीच बाकी आहे, अशी अवस्था. डॉक्टरीणबाईंनी भात कमी, चालणं जास्त, वगैरे नेहमीची यादी दिली आणि शेवटी विचारलं, "बियर किती?" मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आठवड्याला एक. लहान कॅन." आठवड्याला एकच मिळणार असेल तर ती चांगली तरी हवी, आणि माझ्या डोक्याप्रमाणे 'ड्राय' हवी, कारण ड्राय म्हणजे साखर नसलेली! असा सगळा हिशोब मनाशी बांधून मी कामाला लागलो. हा हिशोब किती चुकीचा होता, ते पुढे येईलच.

मी राहतो सेंगकांगला. सिंगापूरच्या ईशान्येचं हे उपनगर. पूर्वी इथे रबराचे मळे आणि कोळ्यांची वस्ती होती, आता उंच इमारतींचं जंगल आहे. २००३ मध्ये मेट्रो आली आणि मग आमच्यासारखे लोक आले. चिनी नावाचा अर्थ 'भरभराटीचं बंदर' असा लावतात, म्हणून विभागांची नावंही दर्यावर्दी: कंपासवेल, रिव्हरवेल आणि आमचं अँकरवेल. अँकर म्हणजे नांगर. आता योगायोग बघा, अँकर नावाची एक बियरही इथली जुनी. अँकरवेलचा त्या बियरशी काडीचाही संबंध नाही, पण हा प्रश्न विचारला म्हणून माझी ओळख खालच्या कोपितियाममधल्या अंकलशी झाली.

कोपितियाम म्हणजे इमारतीखालचं खाण्याचं दुकान. आपला उडप्याचा हॉटेलासारखा प्रकार, फक्त प्रत्येक पदार्थाचा गाळा वेगळा आणि चहाकॉफीचा वेगळा. संध्याकाळी इथे निवृत्त म्हातारे मोठी बाटली मधे ठेवून बसतात. ६३३ मिलिलिटरची बाटली, छोटे ग्लास आणि ग्लासात बर्फ. हो, बियरमध्ये बर्फ! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमरसात पाणी घातल्यासारखं वाटलं होतं. पण विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटर अंतर, ग्लास रिकामा होईपर्यंत बियर कोमट होते, तेव्हा बर्फाला पर्याय काय?

अंकलच्या टेबलावर मात्र बाटली नव्हती. काळी कॉफी होती. 'कोपी ओ कोसोंग'. यातलं 'ओ' म्हणजे काळी, दुधाशिवाय. 'कोसोंग' हा मलय शब्द, अर्थ रिकामं, शून्य. म्हणजे साखर शून्य. मी सहज विचारलं, "अंकल, अँकरवेल हे नाव अँकर बियरवरून पडलं का?" अंकल हसले. म्हणाले, "नो लाह! अँकर तर अलेक्झांड्राला. लास्ट टाइम तिथे सगळ्या रस्त्याला वास यायचा." मग ते लहानपणी क्वीन्सटाउनला राहायचे, कारखान्यात सातू शिजायला लागला की वारा कुठल्या बाजूचा आहे ते कसं कळायचं, हे सगळं निघालं. माझ्या 'ड्राय'च्या शोधाला इतिहासाचा फाटा फुटला तो इथे.

तर मंडळी, आधी मुळाशी जाऊ. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, पिल्सेन नावाचं गाव आहे. चेक लोक त्याला प्लझेन्य म्हणतात. १८३८ साली तिथल्या बियरचा दर्जा इतका घसरला होता की संतापलेल्या लोकांनी नगरभवनासमोर ३६ पिंपं रस्त्यावर ओतून दिली. आपल्याकडे दुधाचे टँकर ओततात तसं. मग गावातल्या हक्कदार नागरिकांनी मिळून नवा कारखाना काढायचं ठरवलं आणि शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिला घाणा घातला आणि नोव्हेंबरात ती बियर लोकांपुढे आली.

ती वेगळी निघाली याला कारणं चार. पहिलं, धान्य. सातूला आपण मटकीला आणतो तसे मोड आणतात आणि मग वाळवतात. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरात हे सांगायला नको. पूर्वी हे वाळवणं बऱ्याचदा धुराच्या आचेवर व्हायचं, म्हणून माल्ट काळपट आणि बियरही तपकिरी. पिल्सेनला इंग्लंडच्या पद्धतीची गरम हवेची भट्टी वापरली, त्यामुळे माल्ट फिकट राहिला. दुसरं, साझ भागातल्या हॉप्स. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, बियरचा कडवटपणा आणि वास यांचाच. तिसरं, पाणी. पिल्सेनचं पाणी कमालीचं मऊ, त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. मऊ पाण्यात डाळ चांगली शिजते हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. तसंच मऊ पाण्यात हॉप्सचा कडूपणा खरखरीत न लागता स्वच्छ लागतो. चौथं, बव्हेरियाचं थंडीत काम करणारं यीस्ट. साधारण ८ ते १२ अंशांवर आंबवायचं आणि नंतर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे तळघरात ठेवून द्यायचं. या ठेवण्यालाच जर्मनमध्ये 'लागर' म्हणतात. म्हणजे कोठार.

निकाल? सोनेरी, आरपार दिसणारी बियर. तोपर्यंत लोक मातीच्या आणि धातूच्या पेल्यात पीत, आत काय आहे ते दिसत नसे. पुढे काचेचे पेले स्वस्त झाले आणि या बियरचं रूपच तिची जाहिरात झालं.

पण ही थंडी पिल्सेनची. विषुववृत्तावर शून्य अंश आणायचे कुठून? इथे मला आपली मुंबई आठवते. १८३० च्या दशकात बॉस्टनहून जहाजात भुसा भरून तळ्यातला बर्फ मुंबईला यायचा. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं आणि यजमानासकट सगळ्यांना सर्दी झाली, हा किस्सा प्रसिद्धच आहे. सिंगापुरातही १८५४ मध्ये व्हाम्पोआ या नावाने ओळखले जाणारे चिनी व्यापारी हू आह के यांनी अमेरिकेचा बर्फ आणवून विकण्याचा उद्योग केला होता. पण असल्या बर्फावर सरबत गार होईल, लागर कशी पिकणार? १८७० च्या दशकात जर्मन अभियंता कार्ल फॉन लिंडे याने म्युनिकच्या श्पाटेन कारखान्याच्या मदतीने शीतयंत्र बनवलं, तेव्हा हा प्रश्न सुटला. फ्रीज आला तो आधी बियरसाठी, आपल्या घरातल्या कोथिंबिरीसाठी नव्हे. आणि १८८३ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. आता यंत्र आणि यीस्टची कुपी घेऊन कुठेही पिल्सनर करता येणार होती.

सिंगापुरात ती करायला एकाच वेळी दोन पक्ष आले. १८८३ पासून इथे सोडा-लेमोनेड करणारी फ्रेझर अँड नीव्ह ही कंपनी आणि हॉलंडची हायनेकेन यांनी १९३१ मध्ये मलायन ब्रुअरीज काढली. १९३२ मध्ये त्यांची टायगर बियर आली. त्याच सुमारास ब्रेमेनच्या बेक्सशी संबंधित जर्मनांनी आर्किपेलागो ब्रुअरी उभारली आणि तिची अँकर पिल्सनर १९३३ मध्ये बाजारात उतरली. दोन्ही कारखाने एकाच अलेक्झांड्रा रस्त्यावर. एकीकडे वाघ, एकीकडे नांगर. त्याआधी गोऱ्या साहेबांची बियर बोटीने यायची. मळ्यावरच्या तमिळ मजुरांसाठी ताडीची दुकानं असायची आणि चिनी हमालांसाठी तांदळाची साम्सू. कोण काय पितो यावरून माणसाची पायरी कळायची. गावातच पिकलेली थंड बियर हळूहळू या सगळ्या पायऱ्या उतरून कोपितियामपर्यंत आली.

पण कारखान्यांचं भवितव्य बियरच्या चवीवर ठरलं नाही. १९३९ मध्ये ब्रिटनचं जर्मनीशी युद्ध सुरू झालं आणि आर्किपेलागो ही शत्रूची मालमत्ता ठरली. १९४१ मध्ये ती मलायन ब्रुअरीजने विकत घेतली. नांगर वाघाच्या पोटात गेला. पण वाघालाही फार दिवस मिळाले नाहीत. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. आदल्याच दिवशी याच अलेक्झांड्रा रस्त्यावरच्या लष्करी इस्पितळात जपानी सैनिकांनी रुग्णांना, डॉक्टरांना आणि सेवकांना ठार मारायला सुरुवात केली होती. काहींना तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर. ते इस्पितळ आजही त्याच ठिकाणी चालू आहे. बियरच्या गोष्टीत हे कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण त्या रस्त्यावरून चालताना दोन्ही गोष्टी एकाच पदपथावर लागतात. एक सांगून दुसरी गाळणं मला जमेना.

युद्धानंतर टायगर पुन्हा आली. 'टाइम फॉर अ टायगर' ही तिची घोषणा इतकी गाजली की अँथनी बर्जेस या इंग्रज लेखकाने १९५६ च्या आपल्या मलायावरच्या कादंबरीला तेच नाव दिलं. या जाहिरातीबद्दल कंपनीने घोषणेचं घड्याळ भेट द्यावं अशी त्याची माफक अपेक्षा होती. कंपनीने नाही म्हटलं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी फुकट बियर देऊ केली, तोवर लेखकमहाशय जिनकडे वळले होते! १९९० मध्ये मलायन ब्रुअरीजचं नाव एशिया पॅसिफिक ब्रुअरीज झालं आणि कारखाना अलेक्झांड्रा सोडून पश्चिम टोकाला तुआसला गेला. २०१२ मध्ये हायनेकेनने फ्रेझर अँड नीव्हचा हिस्सा विकत घेऊन ताबा मिळवला.

एका शनिवारी मी सेंगकांगहून आउटराम पार्कला गाडी बदलून क्वीन्सटाउनला गेलो आणि तिथून अलेक्झांड्रा रस्त्यापर्यंत चालत. अँकरच्या जागेवर आता अँकरपॉइंट नावाची बाजारपेठ आहे. समोर स्वीडिश फर्निचरचं अवाढव्य दुकान. थोडं पुढे एबीसी ब्रिकवर्क्स नावाचं खाण्याचं मार्केट. यातलं एबीसी म्हणजे आर्किपेलागो ब्रुअरी कंपनी, आणि ब्रिकवर्क्स म्हणजे तिथली जुनी वीटभट्टी. वाफ, पिंपं, वास, काहीच उरलं नाही. तीन अक्षरं आणि एक नांगर तेवढे उरले. खरं सांगायचं तर गिरणगावात मॉलमध्ये शिरताना होतं तसंच काहीसं झालं.

असो. आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. ड्राय म्हणजे नेमकं काय?

मोड आलेला सातू कोमट पाण्यात भिजवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते. हे काम दोन विकरं करतात. ६२-६३ अंशांवर बीटा-अमायलेज जोरात चालतं आणि यीस्टला पचेल अशी साखर जास्त होते. ७० च्या पुढे नेलं तर अल्फाचा जोर, आणि यीस्टला न पचणारे मोठे तुकडे जास्त उरतात. म्हणजे सात-आठ अंशांच्या फरकाने बियर कोरडी किंवा भरीव होते. यीस्टने साखर जितकी जास्त खाल्ली तितकी बियर ड्राय. आपला कोरा चहा जसा, तशी ही 'कोरी' बियर. अंकलच्या भाषेत, बियर कोसोंग! आणि क्रिस्प म्हणजे गोडवा कमी, कडूपणा नेमका, वायू भरपूर आणि घोट गिळल्यावर जिभेवर काही रेंगाळत नाही. कैरीचं पन्हं आणि पातळ ताक यांच्यातला जो फरक, तोच.

गंमत म्हणजे ज्या बियरने पिल्सनर हे नाव दिलं, ती मूळ पिल्सनर उर्केल फारशी ड्राय नाहीच. तिच्यात अल्कोहोल ४.४ टक्के, आणि अंगात भाजक्या पावासारखा गोडसर भरीवपणा. खरी खणखणीत कोरडी आणि कडू पिल्स केली ती उत्तर जर्मनांनी. फ्रिसलंडची येव्हर हे तिचं ठळक उदाहरण. पुढे १९८७ मध्ये जपानच्या आसाहीने सुपर ड्राय काढली आणि 'ड्राय' हा शब्दच आशियाभर फलकांवर चढवला.

आता इंजिनियर माणूस गणित केल्याशिवाय कसा राहणार? १८४३ मध्ये प्रागच्या कार्ल बालिंगने साखरमापक आणि त्याचे कोष्टक दिलं, तेच वापरलं. दोन्ही बियर १२ अंशांच्या रसापासून सुरू झाल्या असं धरू, म्हणजे १०० ग्रॅम रसात १२ ग्रॅम विरघळलेला ऐवज, त्यातली बहुतेक साखर. एक ग्रॅम अल्कोहोलला साधारण दोन ग्रॅमच्या वर थोडा ऐवज खर्च होतो. ४.४ टक्क्यांच्या बियरमध्ये मागे उरतात सुमारे ४.९ ग्रॅम, ५ टक्क्यांच्या बियरमध्ये ३.९. फरक एक ग्रॅम. ३३० मिलिलिटरच्या कॅनमागे सव्वातीन ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा नाही! आणि वाचलेली ती साखर गेली कुठे? अल्कोहोलमध्ये. त्याचे उष्मांक वर आहेतच. ड्राय कॅनमध्ये साखरेकडून साधारण १३ कॅलरी वाचल्या, अल्कोहोलकडून ११ परत आल्या. जमाखर्च जवळजवळ शून्य. कोसोंग.

म्हणजे ड्राय हा जिभेचा शब्द आहे, रक्ताचा नाही. माझा सगळा वैद्यकीय युक्तिवाद एका कागदावर कोसळला. (हा कुणासाठी सल्ला नव्हे. गोळ्या चालू असतील तर अल्कोहोलने साखर धोकादायक खालीही जाऊ शकते, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारा.)

हे गणित मी मोठ्या ऐटीत अंकलना समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी टेबलाखालून डावा पाय जरा पुढे केला. सँडलमध्ये दोन बोटं नव्हती. "मी पण असाच हिशोब करायचो," ते म्हणाले. "मोठी बाटली, पण बर्फ घालून, म्हणजे अर्धीच झाली ना! कोसोंग शिकलो मी, पण लेट लाह." सिंगापूर सरकारने २०१६ मध्ये मधुमेहाविरुद्ध युद्ध पुकारलं, त्याचे फलक आमच्या लिफ्टजवळ लागले होते. मी ते रोज वाचत होतो. पण मला ते कळलं त्या दोन बोटांच्या जागी.

इथे बियर स्वस्त नाहीच. अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरमागे ६० डॉलर अबकारी, म्हणजे ५ टक्क्यांच्या एका छोट्या कॅनमागे एक डॉलर नुसता सरकारला. शिवाय १ एप्रिल २०१५ पासून रात्री साडेदहानंतर दुकानातून विक्री बंद आणि सार्वजनिक जागी पिणंही बंद. आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याप्रमाणे अजूनही प्यायला परवाना लागतो, हे इथल्या मित्रांना सांगितलं की ते हसतात. पण कर, वेळ आणि परवाना यांपैकी कशानेही माझं प्रमाण कमी झालं नव्हतं, हेही खरं.

इथल्या पाण्याचीही एक गोष्ट सांगायची राहिली. सांडपाणी शुद्ध करून सिंगापूर न्यूवॉटर बनवतं. रिव्हर्स ऑस्मोसिसमधून निघालेलं हे पाणी जवळजवळ क्षारमुक्त. २०२२ मध्ये ब्रुअर्क्झ या स्थानिक कारखान्याने जलमंडळाबरोबर त्याची न्यूब्रू नावाची बियर बाजारात आणली. ती एल होती, पिल्सनर नव्हे. पण पिल्सेनला निसर्गाने दिलेलं मऊ पाणी इथे पंप आणि पडद्यांनी तयार होतं, हे पाहून ग्रोलसाहेबांनी टोपी काढली असती.

शेवटी माझ्या जिभेला पटणारी पिल्स एका छोट्या दुकानात मिळाली. उत्तर जर्मनीची, फिकट, कडू, आणि घोट संपला की संपला. महाग आहे, म्हणून आपोआप आठवड्याला एकच होते. शुक्रवारी मी ती घेऊन खाली गेलो. अंकलची कोपी ओ कोसोंग आलेलीच होती. मी ग्लासात बियर ओतली, बर्फ न घालता. अंकलनी हात पुढे केला, ग्लास घेतला. मी जरा घाबरलो. पण त्यांनी तो फक्त नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसेच बसले.

"सेम," ते म्हणाले. "अलेक्झांड्रा, सेम." आणि ग्लास माझ्याकडे परत दिला.